मागाचा आवाज ऐकू आला पाहिजे: एका छोट्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नोंदी

१९ जानेवारी २०२४

सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा होऊन गेला, गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, अजून भरलेला आहे. सगळे तिकडे गेलेत, माग बंद आहेत, घर शांत आहे. म्हणून आजच ही वही सुरू करते.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये बाबांचे चार माग, टेरी टॉवेलचे. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मधलं दार दिवसभर उघडं असतं, कारण आईचं कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) भरायचं मशीन दाराच्या अलीकडे आहे आणि बाबांची ये-जा दाराच्या पलीकडून. मागावरून उडणारी सुताची लव त्या दारातून घरात येते आणि अंथरुणावर, भांड्यांच्या मांडणीवर, देव्हाऱ्यात, पंख्याच्या पात्यावर बसते. आई दिवसातून तीनदा झाडते. गेल्या दिवाळीपासून तिचा उजवा खांदा वर जात नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या पगारातून मी तिला व्हॅक्यूम क्लीनर आणला होता. महिनाभर वापरला आणि माळ्यावर गेला. आजवर मला वाटायचं, तिला नव्या वस्तूची सवय झाली नाही. परवा प्रथमच सरळ विचारलं, "आई, तू तो का वापरत नाहीस?"

"ते लावलं की मला माग ऐकू येत नाही बघ."

तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर बाबांना आता नीट ऐकू येत नाही. कांडी संपली किंवा आडवा धागा तुटला की तो माग आपोआप थांबतो. बाबा दुसऱ्या मागापाशी वाकलेले असले की त्यांना ते कळत नाही. आईला आतल्या खोलीतून कळतं. चार मागांच्या ठेक्यातला एक गेला की ती हातातलं टाकून हाक मारते, "अहो, तिसरा थांबला!" थांबलेल्या मागावर टॉवेल निघत नाही. म्हणजे आमचा कारखाना आईच्या कानावर चालतो, आणि मी तिला आणून दिलेलं मशीन नेमकं तेच बंद पाडत होतं.

तर आता नवा करायचा. डिप्लोमाला शिकलेलं आणि नोकरीत पत्र्याच्या कामाचं जे काही हाताखालून गेलं, ते सगळं इथे लावायचं. अटी तीनच लिहिते. मागाचा ठेका ऐकू आला पाहिजे. खांद्यावर वजन नको. आणि आईला तो माझ्याशिवाय उघडता, साफ करता, बंद करता आला पाहिजे.

२३ जानेवारी

आधी केर मोजला. दिवसभराचा दोन खोल्यांचा केर वेगळा ठेवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला: ४१ ग्रॅम. पण तो न दाबता मोजला तर दोन लिटरचं पातेलं भरलं. ही गोष्ट डोळ्यांसमोर रोज होती, पण आकडा आल्यावर तिचा अर्थ कळला. बाजारातल्या हातात धरायच्या क्लीनरचं भांडं अर्ध्या लिटरच्या आसपास असतं. आमच्या घरात ते पहिल्याच खोलीत भरेल.

केर पसरून पाहिला. बहुतेक सगळी लव. त्यात चुलीजवळच्या जागेतलं ज्वारीचं पीठ, संक्रांतीचे तीळ, केस, आणि शहाबादी फरशीच्या सांध्यांतली बारीक वाळू. चार प्रकारचा केर, चार स्वभाव. लव हलकी आहे, तिला फक्त वारा लागतो. वाळू जड आहे आणि सांध्यात लपलेली, तिला ओढ लागते. पीठ बारीक, ते फिल्टरचा जीव घेतं.

४ फेब्रुवारी

माळ्यावरचा जुना क्लीनर खाली काढून पूर्ण उघडला. आत कार्बन ब्रशची मोटर, तिच्यावर एकामागे एक दोन पंखे. बाहेर चिठ्ठीवर १४०० वॉट. हा आकडा मशीन विजेच्या बोर्डातून किती घेतं त्याचा आहे, केरावर किती काम करतं त्याचा नाही. युरोपात २०१४ पासून घरगुती क्लीनरवर १६०० वॉटची आणि २०१७ पासून ९०० वॉटची कमाल मर्यादा आली. तरी घरं झाडून निघतातच, कारण खरं काम हवेचं असतं: ओढ गुणिले प्रवाह.

दोन्ही मोजायची सोय घरीच केली. ओढीसाठी पाण्याची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून जिन्याच्या कठड्याला बांधली, शेजारी भिंतीवर पेन्सिलीने सेंटिमीटरच्या खुणा. एक टोक क्लीनरच्या बंद तोंडाला. मशीन सुरू केलं आणि पाणी १७२ सेंटिमीटर चढलं. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण एक किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ १७ किलोपास्कलची ओढ. प्रवाहासाठी दोनशे लिटरच्या पिंपात बरोबर बसणारी पॅकिंगची प्लास्टिक पिशवी घेतली, क्लीनरची बाहेर टाकलेली हवा तिच्यात भरली आणि किती सेकंदांत भरते ते पाहिलं.

मग मोटरचा वेग डिमरने कमी करत गेले, आणि प्रत्येक पायरीला फरशीवर मूठभर लव आणि चिमूटभर वाळू टाकून ती उचलली जाते का पाहिलं. ही दुपार मला फार आवडली. सेकंदाला ११ लिटर हवा जात असेल आणि तोंडाची फट २० सेंटिमीटर लांब, ७ मिलिमीटर रुंद असेल, तर फटीत हवेचा वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर होतो. एवढ्यात लव एकही तंतू मागे न ठेवता येते. वाळूसाठी तोंडाच्या कडा फरशीला जवळ आणाव्या लागल्या, पण तीही आली. आणि हे सगळं ३.२ किलोपास्कलवर. म्हणजे हवेचं काम फक्त ३५ वॉट. पंखा आणि मोटर मिळून एक तृतीयांश वीज जरी कामी लावत असतील, तरी ११० वॉटमध्ये आमचं घर झाडून होतं.

चौदाशे वॉटचा आवाज आम्ही विनाकारण सोसत होतो.

१० फेब्रुवारी

आवाज मोजला, मोबाईलवरच्या ॲपने. मोबाईलचा आकडा काटेकोर नसतो, पण एकाच मोबाईलने, एकाच जागेवरून मोजलं तर तुलना करता येते. शेडमध्ये चारही माग चालू असताना ९६ डेसिबल. कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० आहे; बाबांच्या कानांचं काय झालं ते यातच लिहिलेलं आहे. (बाबांना कानात घालायचे बोळे आणून दिलेत. आता घालतात, दोन वर्षं माझ्याशी वाद घालून झाल्यावर.) आतल्या खोलीत आई बसते तिथे ६८. जुना क्लीनर तिथेच सुरू केला तर ८४. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणजे मागांच्या ठेक्यावर क्लीनर तिप्पट चढून बसत होता.

नुसती मोठाई नाही, सूरही महत्त्वाचा. मागाचा आवाज ठोक्यांचा आहे. क्लीनरचा आवाज एकसुरी किंचाळी. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट ऐकतो, आणि छोट्या, वेगवान पंख्याची शिट्टी बरोबर त्यातच पडते. हे पुढच्या पंख्याच्या वेळी लक्षात ठेवायचं.

२५ फेब्रुवारी

पहिला नमुना. सध्या बाजारात जशी काठीची, सगळं हातातच असणारी मशीनं मिळतात, तसाच. ब्रश नसलेली डीसी मोटर, ६० मिलिमीटरचा, थ्रीडी प्रिंटरवर छापलेला पंखा, सात पाती, मिनिटाला ३०,००० फेरे. मोटर, बॅटरी, भांडं, सगळं मुठीच्या आसपास. वजन दीड किलो.

आईच्या हातात दिलं. तिने ते दोन मिनिटं फिरवलं आणि डाव्या हाताने उजवा दंड धरला. काही बोलली नाही. मी मशीन काढून घेतलं.

रात्री हिशोब मांडला. दीड किलोचा भार मनगटापासून २० सेंटिमीटर पुढे असेल तर मनगटावर सुमारे २.९ न्यूटन-मीटरचा पीळ येतो, आणि तो सतत असतो. केरसुणीचं वजन दोनशे-अडीचशे ग्रॅम. आईने आयुष्यभर जे हत्यार धरलं, त्याच्या सहापट जड वस्तू मी तिला "आरामशीर" म्हणून देत होते.

दुसरी गोष्ट आणखी मोठी. ही काठीची मशीनं उभ्याने झाडणाऱ्यांसाठी आहेत. आई उकिडवी बसून झाडते, एका हाताने, दुसरा हात गुडघ्यावर, आणि बसल्या बसल्या पुढे सरकते. तिची आई तशीच झाडायची. बसून झाडलं की कपाटाखालचं, कांडी मशीनच्या पायांमागचं दिसतं. तिला उभं करणारं मशीन करायचं नाही. ती बसते तिथे मशीनने यायचं.

३ मार्च

ठरलं. मोटर, बॅटरी, भांडं हातातून काढून जमिनीवर. हातात फक्त मूठ आणि तोंड.

आधी कमरेला पट्ट्याने बांधायची कल्पना सांगितली होती. आई म्हणाली, "उन्हाळ्यात अंगाला काही बांधून नको बाई. ठेव की खाली, शेजारी, डब्यासारखं." तर डबाच. जेवणाच्या मोठ्या गोल डब्याएवढा, वर कडी, खाली तीन चाकं, १.२ मीटरची लवचीक नळी.

१७ मार्च

मूठ.

पुस्तकांत मुठीचा व्यास ३० ते ४० मिलिमीटर लिहिलेला असतो. पण कुणाच्या हाताचा? मी २५ मिलिमीटरच्या पाईपचा तुकडा घेतला आणि आईच्या शेजारी बसून त्यावर टॉवेलचं सूत गुंडाळत गेले. प्रत्येक थराला तिने धरून पाहायचं. तिचा हात सुतावरून असा फिरतो की अर्धा मिलिमीटरही तिला कळतो. कांडी किती भरली हे ती न बघता सांगते. ३४ मिलिमीटरला ती थांबली. "हं. एवढंच." शेजारच्या काकूंना बोलावलं, त्या विड्या वळतात. त्यांची बोटं बारीक, पण त्यांनीही ३३-३४ लाच मान डोलावली. वहिनींना ३६ बरं वाटलं. ३४ धरला.

कोनही असाच ठरवला. नळी सरळ असेल तर बसून झाडताना मनगट खाली मोडतं. मुठीला ११० अंशांचा बाक दिला तर मनगट हाताच्या रेषेत राहतं. बसून वापरायला नळीची लांबी ४५ सेंटिमीटर. उभ्याने वापरायचं असेल तर आतली नळी ओढून ९५. सगळं मिळून हातात ३१० ग्रॅम, आणि पीळ अर्ध्या न्यूटन-मीटरच्या जरा वर. आधीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी.

सुताचा तो तुकडा मी जपून ठेवला आहे. अंतिम मुठीवरही रबर न लावता सूतच गुंडाळणार. घामाच्या हाताला ते सरकत नाही, आणि मळलं की बदलता येतं.

३१ मार्च

नळीने एक धडा दिला. जवळ होती म्हणून २५ मिलिमीटर व्यासाची लावली होती. यू नळीने मोजलं तर नुसत्या लवचीक नळीत आठ सेंटिमीटर पाण्याएवढी ओढ वाया जात होती. ३२ मिलिमीटरची लावली, तोटा अडीचवर आला. तेवढीच हवा नेताना तोटा व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो, हे परीक्षेत लिहिलं होतं. व्यास सव्वापट वाढला आणि तोटा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी झाला, हे आज डोळ्यांनी पाहिलं. फिल्टरचं क्षेत्रफळही दुप्पट केलं. एकूण गरज ३.२ वरून २.१ किलोपास्कलवर उतरली.

हा फायदा मी ओढीत खर्च करणार नाही, शांततेत करणार. कमी दाब पुरतो तर पात्याच्या टोकाचा वेग कमी चालतो. आधीचा ६० मिलिमीटरचा पंखा ३०,००० फेऱ्यांवर. टोकाचा वेग सेकंदाला ९४ मीटर. सात पाती, सेकंदाला ५०० फेरे, म्हणजे ३५०० हर्ट्झची शिट्टी, कानाच्या सगळ्यात तिखट जागी. आता ९० मिलिमीटरचा पंखा, १६,००० फेरे, टोकाला ७५ मीटर. शिट्टी उतरून १९०० च्या खाली येते. पंख्याचा आवाज टोकाच्या वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो, त्या हिशोबाने पाच डेसिबल इथेच कमी. एवढा मोठा पंखा हातात मावला नसता. डबा जमिनीवर आहे म्हणून मावतो.

१० एप्रिल

काल पाडवा. गुढी उतरवून संध्याकाळी चाचणी लावली आणि पंखा फुटला.

छापलेला पंखा मक्याच्या स्टार्चपासून होणाऱ्या पीएलए प्लास्टिकचा होता. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. पत्र्याखालची उन्हाची खोली, त्यात मोटरचा दांडा तापलेला. मधला भाग सैल झाला, पंखा डगमगला, कवचाला घासला आणि चार तुकडे. कवच जाड पत्र्याचं होतं म्हणून बाहेर काही आलं नाही. कुणाला लागलं नाही. यापुढे कवच बंद असल्याशिवाय मोटर सुरू करायची नाही, हे इथे ठळक लिहून ठेवते.

२१ एप्रिल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून ॲल्युमिनियमच्या दोन चकत्या कापून आणल्या, मधे सात वाकवलेली पाती, रिव्हेटने जोडलेली. दिसायला साधा, पण उन्हाला भीत नाही.

तोल सांभाळणं हे खरं काम. मध्यापासून ४ सेंटिमीटरवर अर्धा ग्रॅम जरी जास्त राहिला तर या वेगाला तो ५६ न्यूटनने ओढतो, म्हणजे पावणेसहा किलोचं वजन सेकंदाला २६७ वेळा दांड्याभोवती गरगर फिरवल्यासारखं. तेच थरथरणं डब्याच्या पत्र्यातून आवाज होऊन बाहेर येतं. दोन ब्लेड समांतर उभे करून त्यांच्या धारेवर दांडा ठेवला. जड बाजू आपोआप खाली जाते. तिथे कानशीने एक हात, पुन्हा ठेवायचं, पुन्हा पाहायचं. मोटार वाइंडिंगचे काका दुकान बंद करून माझ्याबरोबर रात्री साडेदहापर्यंत बसले. "घाई करू नको, तो स्वतःहून थांबला पाहिजे कुठंही," म्हणाले. शेवटी थांबला, कुठेही.

मोटरखाली रबराचे तीन ठोकळे, बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेत फोम लावलेला वळणाचा बोगदा. हवा बाहेर पडते ती वरच्या बाजूने. आडवी सोडली असती तर पुढची लव तिनेच उडवून दिली असती.

२८ एप्रिल

भांडं आणि फिल्टर. यावर तीन आठवडे गेले, आणि सगळ्यात चांगली युक्ती इथेच सापडली, म्हणून सविस्तर.

आधी चक्री करून पाहिली: हवा गोल फिरवायची, केर जडपणाने भिंतीला लागून खाली पडतो. वाळू, तीळ, केस सुरेख पडले. लव मात्र पडत नाही. ती हवेइतकीच हलकी. गोल फिरता फिरता तिचा पीळ होतो, दोरी होते, आणि चक्रीच्या खालच्या निमुळत्या तोंडात बोळा बसतो. नंतर मांजरपाटाची पिशवी शिवली. दोन मिनिटांत कापडाच्या सगळ्या छिद्रांवर लव चिकटली आणि ओढ मेली. पिशवी झटकायची म्हणजे सगळी लव पुन्हा घरात, नाकात.

धाकट्याने विचारलं, हे मशीन पहिल्यांदा केलं कुणी? त्याला सांगितलं: १९०१ मध्ये इंग्लंडात ह्युबर्ट सेसिल बूथने केरावर फुंकण्याऐवजी हवा ओढून घ्यायचं मशीन काढलं, पण ते घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि लांब नळ्या खिडकीतून घरात. घरात मावेल असं विजेवरचं केलं ते अमेरिकेत जेम्स मरे स्पँग्लरने. तो दुकानात झाडलोट करायचा, त्याला दमा होता, धुळीने त्रास व्हायचा. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ धरायला उशीचा अभ्रा जोडला. पेटंट १९०८ चं. झाडणाऱ्याने स्वतःच्या छातीसाठी केलेली वस्तू आहे ही.

"अभ्राच ना?" आई आतून म्हणाली. ती पीठ चाळत होती. चाळणी उलटी करून तिने झटकली, आणि चाळणीवर बसलेला कोंडा एका झटक्यात, गोल चकतीसारखा खाली पडला. मी ते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेतून २० सेंटिमीटरची स्टीलची पिठाची चाळणी आणली आणि डब्यात आडवी बसवली. लव चाळणीवर येते, ओढीने आपोआप दाबली जाते, आणि तिचाच एक मऊ जाड थर तयार होतो. तो थर स्वतःच फिल्टर बनतो. पीठ बहुतेक त्याच्यातच अडकतं. झाकण उघडून चाळणी उलटी केली की पूर्ण चकती एकसंध पडते. पातेलंभर केर मावेल कसा, हाच प्रश्न होता ना? ४१ ग्रॅमची दोन लिटर लव चाळणीवर जेमतेम सव्वा सेंटिमीटर जाडीची झाली. लवेचा जो गुण चक्रीला आणि पिशवीला नडला, तोच चाळणीला कामी आला.

थर वाढेल तसा अडथळा वाढतो: रिकामी चाळणी नगण्य, ४० ग्रॅमला आठ सेंटिमीटर पाणी, आणि हवा ११ वरून साडेआठ लिटरवर. त्याच्यापुढे लव उचलणं मंदावतं. डब्याला काचेची एक फट ठेवली. थर खुणेपर्यंत आला की उलटायची.

चाळणीच्या मागे घड्यांचा कागदी फिल्टर, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या दर्जाचा. हा खर्च मी टाळणार नाही. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतर पुन्हा कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. केरसुणीने झाडलं की जाड लव जाते आणि बारीक धूळ मात्र हवेत उठते, नेमकी बसून झाडणारीच्या तोंडासमोर. मशीनने ती मागून सोडून दिली तर काय उपयोग.

१२ मे

दोन गोष्टी उन्हाने शिकवल्या.

कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीतून लव गेली की नळीवर स्थिर वीज साठते. लव नळीला आतून चिकटते आणि बोटाला चटका बसतो. हातातली नळी ॲल्युमिनियमची केली, तिच्यापासून मुठीवर सुताच्या खालून तांब्याची उघडी पट्टी. आई अनवाणी शहाबादीवर बसते, तिच्या हातातून साठलेली वीज हळूहळू निचरते. चटका गेला.

बॅटरी: लिथियमच्या सहा नळकांड्या एकापुढे एक, २१.६ व्होल्ट, अडीच अँपिअर-तास, म्हणजे ५४ वॉट-तास. आता मशीन ७८ वॉट घेतं. कागदावर ४१ मिनिटं, प्रत्यक्षात ३५. आईचं दोन खोल्यांचं झाडणं ११ मिनिटांचं. अडचण चालण्याची नाही, चार्जिंगची आहे. या प्रकारच्या बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. दुपारी तीनला आमच्या खोलीत थर्मामीटर ४२ दाखवत होता, आणि नुकतीच वापरलेली बॅटरी त्याहून आठ अंश गरम. आई मोबाईलसारखी लगेच पिन लावते. म्हणून बॅटरीत उष्णता मोजणारा थर्मिस्टर बसवला. पिन लावली तरी बॅटरी निवेपर्यंत चार्जिंग सुरू होत नाही, तोपर्यंत नारंगी दिवा. आईला सांगितलं, नारंगी म्हणजे दम खातंय. तिला ते पटलं. बॅटरी मोटरजवळून काढून डब्याच्या तळाशी नेली.

१९ मे

विड्या वळणाऱ्या काकूंनी विचारलं, "माझ्या सुपाखालची तंबाखू ओढेल का गं?" ओढली. पण तंबाखूच्या भुग्याची चकती होत नाही, तो चाळणीतून सरळ कागदी फिल्टरवर जातो, आणि बाहेरच्या हवेला वास येतो. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, काकू, हे तुमच्यासाठी नाही अजून. त्यांच्या खोलीत लव नाही, भुगा आहे. तिथे चक्री चालेल. वेगळी वही करावी लागेल, आणि करायची आहे.

२ जून

चाकं. आधीची २५ मिलिमीटरची शहाबादीच्या सांध्यात अडकायची, नळी ओढली की डबा आडवा. ५० मिलिमीटरची, मऊ रबराची लावली. आता मागे येतो.

१६ जून

पाऊस सुरू झाला. हवेत ओल आली तशी लव थोडी जड झाली, कमी उडते. चकती जास्त घट्ट बसते, खूण ३५ ग्रॅमवर आणावी लागली.

आवाज: आई बसते तिथे, माग बंद असताना ६४. बोलण्याइतका.

२३ जून

आज मी मुद्दाम शेडमध्ये बाबांजवळ बसले आणि आईला एकटीला झाडू दिलं. चारही माग चालू. दारातून दिसत होती: उकिडवी, डावा हात गुडघ्यावर, डबा मागे मागे येतोय. उजवा कोपर अंगाजवळच राहिला, खांदा वर गेला नाही.

सहाव्या की सातव्या मिनिटाला तिने बोटाने बटण दाबून मशीन बंद केलं आणि मान वर केली.

"अहो, दुसरा!"

बाबा चौथ्यावर वाकलेले होते. मी दुसऱ्या मागापासून तीन हातांवर होते आणि मला तो थांबलेला कळला नव्हता. कांडी संपली होती. बाबांनी बदलली, आईने पुन्हा बटण दाबलं.

राहिलेलं काम: झाकणाची क्लिप डाव्या हाताने उघडत नाही, ती बाजू बदलायची. बटण अजून थोडं मोठं हवं. आणि आईने सांगितलंय, कडी पितळेची लाव, स्टीलची बोटाला रुतते. उद्या कामावरून येताना पितळेची सळी बघून येते.